आधी ‘बेघर’, मग ‘घर’ : फिनिश शब्दसंग्रहाच्या एका अभ्यासक्रमाविषयी

गेल्या हिवाळ्यात मी फिनिश शब्दसंग्रहाचा 12 आठवड्यांचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम पूर्ण केला. नामे आणि क्रियापदे थेट पाठ करण्याऐवजी ‘अमुक नसलेला’ असा अर्थ देणारी विशेषणे आधी शिकायची आणि त्यांच्या पोटातून मूळ शब्द बाहेर काढायचा, या एकाच कल्पनेवर तो उभा आहे. ‘बेघर’ शिकताना ‘घर’ कळावे, ‘निनावी’ शिकताना ‘नाव’ कळावे, असा हा उलटा रस्ता आहे. दर आठवड्याला 20 पत्ते (फ्लॅशकार्ड), म्हणजे एकूण 240 शब्द, प्रत्येक पत्त्याला ध्वनिमुद्रित उच्चार, आठवड्याच्या शेवटी शब्द टंकून लिहिण्याची चाचणी आणि किंमत 49 युरो, असे त्याचे स्वरूप आहे. तो तयार करणाऱ्यांचे नाव मी येथे घेत नाही, कारण माझ्या तक्रारी मी त्यांना थेट कळवल्या आहेत आणि मला बोलायचे आहे ते मुख्यतः या पद्धतीविषयी, जी त्यांच्याइतकीच इतर कोणालाही वापरता येण्यासारखी आहे.

लिप्यंतराविषयी एक खुलासा आधीच करतो. दोन ठिपक्यांचा फिनिश ‘आ’ मी ‘ॲ’ असा लिहिला आहे, दोन ठिपक्यांच्या ‘ओ’साठी ‘यो’ आणि ओठांचा चंबू करून म्हणायच्या ‘इ’साठी ‘यु’ वापरला आहे. हे उच्चार असे हुबेहूब उतरत नाहीत, पण शब्द एकमेकांपासून वेगळे दिसावेत एवढा हेतू त्यातून साधतो.

अभ्यासक्रमाचा गाभा म्हणजे ‘तोन’ हा प्रत्यय. ‘राहा’ म्हणजे पैसा आणि ‘राहातोन’ म्हणजे ज्याच्याकडे पैसा नाही तो. ‘तोइवो’ म्हणजे आशा आणि ‘तोइवोतोन’ म्हणजे आशा उरलेली नाही असा. मूळ शब्दात आ, ओ, उ यांपैकी एखादा स्वर असेल तर प्रत्यय ‘तोन’ असा लागतो आणि नसेल तर ‘त्योन’ असा लागतो, म्हणून ‘त्युओ’ म्हणजे काम यापासून ‘त्युओत्योन’, अर्थात बेरोजगार, हा शब्द होतो. ही स्वरसंगती पहिल्या आठवड्यात व्यवस्थित समजावली आहे आणि त्याबद्दल तक्रारीला जागा नाही. केवळ ए आणि इ असलेल्या शब्दांनाही ‘त्योन’च लागतो, ही नवशिक्याला हमखास चकवणारी गोष्टसुद्धा तेथे वेळेवर सांगितली जाते.

पद्धतीची खरी गंमत मात्र दुसऱ्या आठवड्यात कळू लागते. ‘कोति’ म्हणजे घर, पण बेघर म्हणजे ‘कोतितोन’ नव्हे तर ‘कोदितोन’. ‘आपु’ म्हणजे मदत, पण असहाय म्हणजे ‘आवुतोन’. ‘लान्का’ म्हणजे दोरा किंवा तार, पण बिनतारी म्हणजे ‘लाङ्ङातोन’. ‘लाकि’ म्हणजे कायदा, पण बेकायदा म्हणजे ‘लाइतोन’; येथे तर मधला ‘क’ साफ गळून जातो. फिनिश शिकणाऱ्या कोणालाही ही व्यंजनांची उलथापालथ काही महिने छळते, आणि बहुतेक ठिकाणी ती तक्त्यांच्या रूपाने, अर्थापासून तोडून समोर ठेवली जाते. येथे ती अर्थासह येते, कारण ‘तोन’ लागताना नाम ज्या रूपात उभे राहते ते रूप षष्ठी विभक्तीत दिसणारेच असते. ‘कोति’ची षष्ठी ‘कोदिन’. तिच्या शेवटचा ‘न’ काढून ‘तोन’ जोडला की ‘कोदितोन’ तयार. ‘आपु – आवुन – आवुतोन’, ‘लाकि – लाइन – लाइतोन’, ‘एह्तो – एह्दोन – एह्दोतोन’ अशी साखळी एकदा जिभेवर बसली की प्रत्येक नकारार्थी विशेषणाबरोबर एका नामाची षष्ठी फुकटात मिळते, आणि पुढे कित्येक विभक्त्या याच रूपावर उभ्या राहतात.

मराठी माणसाला हे सगळे अनोळखी वाटण्याचे कारण नाही. आपण ‘पाणीविना’ म्हणत नाही, ‘पाण्याविना’ म्हणतो. ‘माणूसशिवाय’ म्हणत नाही, ‘माणसाशिवाय’ म्हणतो. शब्दयोगी अव्यय किंवा विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे जे सामान्यरूप होते, अगदी त्याच जागी फिनिश भाषेतले हे बदललेले रूप येते. शाळेत सामान्यरूपाचे नियम पाठ करताना आपण कंटाळलो असू, पण बोलताना ‘कापूस’चे ‘कापसा’ करायला आपल्याला क्षणभरही थांबावे लागत नाही. मला वाटते, या अभ्यासक्रमाची मराठी आवृत्ती कोणी केली तर पहिलेच पान सामान्यरूपावर असावे. ‘हाम्मास’ म्हणजे दात आणि ‘हाम्पाआतोन’ म्हणजे बोळका, हा बदल इंग्रजीतून समजावताना अभ्यासक्रमाला अर्धे पान लागले आहे; ‘माणूस – माणसा’ सवयीचे असलेल्या वाचकाला तो तीन ओळींत पटेल.

तिसऱ्या आठवड्यातल्या एका पत्त्यापाशी मी बराच वेळ थांबलो. पत्त्यावर ‘निमेत्योन’ हा शब्द होता. ‘निमि’ म्हणजे नाव, तेव्हा अर्थ ‘निनावी’ हे उघडच होते. चित्र मात्र एका उघड्या पंजाचे होते आणि त्यातले करंगळीशेजारचे बोट रंगवलेले होते. चित्र चुकले असावे असे समजून मी शब्दकोश उघडला, तर फिनिश भाषेत त्या बोटाला खरोखरच ‘निमेत्योन’ म्हणतात. आपण त्याच बोटाला ‘अनामिका’ म्हणतो. एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन भाषांनी, एक युरालिक कुळातली आणि दुसरी आर्यभारतीय, त्याच बोटाला नाव नाही हेच त्याचे नाव ठरवले आहे. हा शब्द मला पुन्हा कधी उजळावा लागला नाही.

त्यानंतर मी प्रत्येक पत्त्यामागे मराठी प्रतिशब्द हाताने लिहू लागलो आणि अभ्यासाचा वेग त्यामुळे खरोखर वाढला, कारण इंग्रजीपेक्षा मराठी जोड्या कितीतरी अधिक चपखल बसतात. ‘लाङ्ङातोन’ला ‘बिनतारी’ हा शब्द अवयवाला अवयव जुळवून उभा राहतो. जुन्या ‘बिनतारी संदेशा’तली तार आणि आजच्या ‘लाङ्ङातोन वेर्क्को’, म्हणजे वायफाय जाळ्यातली तार एकच आहे. ‘एह्तो’ म्हणजे अट, म्हणून ‘एह्दोतोन’ म्हणजे बिनशर्त. ‘पॅॲ’ म्हणजे डोके, म्हणून ‘पॅॲत्योन’ म्हणजे बिनडोक, आणि तेथेही तो शब्द मस्तक नसलेल्यापेक्षा अक्कल नसलेल्या कल्पनेला सहज लावला जातो. ‘लोप्पु’ म्हणजे शेवट आणि ‘लोपुतोन’ म्हणजे अनंत. आपल्या ‘लोप’ या शब्दाशी त्याचे साम्य निव्वळ योगायोगाचे आहे, पण पाठांतराला योगायोग चालतो.

आता दोषांकडे वळतो. पहिला आणि माझ्या मते सर्वांत मोठा दोष असा, की ज्या मुळापर्यंत पोहोचवण्यासाठी हा सगळा खटाटोप आहे ते मूळ पत्त्याच्या मागच्या बाजूला धड दिलेलेच नाही. शब्दांचे तुकडे बहुधा यंत्राने पाडले असावेत, कारण ‘हाम्पाआतोन’च्या मागे ‘मूळ : हाम्पाआ’, ‘विआतोन’च्या मागे ‘मूळ : विआ’ आणि ‘यॅर्येत्योन’च्या मागे ‘मूळ : यॅर्ये’ असे छापले आहे. शब्दकोशात ‘हाम्पाआ’ शोधले तर दात सापडत नाही. तेथे ‘हाम्मास’ हवे. ‘विआ’ शोधून ‘विका’ म्हणजे दोष किंवा बिघाड मिळत नाही, आणि ‘यॅर्ये’वरून ‘यॅर्कि’ म्हणजे विवेक-बुद्धी कळायला आधीपासून फिनिश यावे लागते. मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला ‘माणसाशिवाय’ या शब्दाचे मूळ ‘माणसा’ आहे असे सांगून सोडून देण्यासारखे हे झाले. पहिल्या आठवड्यातल्या ‘राहा’, ‘तोइवो’ अशा न बदलणाऱ्या शब्दांमध्ये ही खोट दिसत नाही, म्हणून नमुन्याचा आठवडा विनामूल्य पाहून पैसे भरणाऱ्याची यात फसगत होते.

याला उपाय आहे, पण तो स्वतः करावा लागतो. फिनलंडच्या ‘कोतुस’ या भाषासंस्थेचा ‘किएलितोइमिस्तोन सानाकिर्या’ हा शब्दकोश इंटरनेटवर विनामूल्य आहे. मी एका वहीत तीन रकाने आखले : पहिल्यात नकारार्थी विशेषण, दुसऱ्यात नामाचे षष्ठीचे रूप आणि तिसऱ्यात त्याचे कोशातले मूळ रूप. आठवड्याच्या 20 शब्दांना साधारण एक संध्याकाळ जात असे. वहीतली ही संध्याकाळच मला सर्वाधिक शिकवून गेली, हे मान्य करतो. पण जे काम अभ्यासक्रमाने पैसे घेऊन करायचे ते विद्यार्थ्याने शब्दकोश घेऊन करावे, यात त्याचे कौतुक नाही.

दुसरा दोष अर्थांचा आहे. ‘स्यूत्योन’ आणि ‘विआतोन’ या दोन्ही पत्त्यांवर एकच इंग्रजी अर्थ दिला आहे, आणि दोन्ही शब्द एकाच आठवड्यात असल्यामुळे चाचणीत कोणता लिहायचा याचा केवळ अंदाज बांधावा लागतो. वास्तविक मुळांकडे नीट पाहिले असते तर फरक तेथेच होता. ‘स्यू’ म्हणजे कारण आणि दोषाची जबाबदारी, म्हणून ‘स्यूत्योन’ म्हणजे ज्याच्यावर गुन्हा शाबीत होत नाही असा निर्दोष आरोपी. ‘विका’ म्हणजे खोट, म्हणून ‘विआतोन’ म्हणजे ज्याच्या ठायी खोट नाही असे निरागस मूल किंवा सहज विचारलेला निरुपद्रवी प्रश्न. मराठीत ‘निर्दोष’ आणि ‘निरागस’ हे शब्द तयार असताना मला हा घोळ इंग्रजीतून निस्तरावा लागला.

नवव्या आठवड्यापासून क्रियापदे येतात आणि तेथे माझी चांगलीच फजिती झाली. क्रियापदांपासून होणाऱ्या नकारार्थी विशेषणांना ‘मातोन’ किंवा ‘मॅत्योन’ लागतो : ‘उस्कोआ’ म्हणजे विश्वास ठेवणे, ‘उस्कोमातोन’ म्हणजे विश्वास बसणार नाही असे, ‘माक्साआ’ म्हणजे पैसे देणे, ‘माक्सामातोन लास्कु’ म्हणजे न भरलेले बिल. आठ आठवडे व्यंजन मवाळ करायची सवय लागलेली असल्यामुळे मी ‘तुन्तेआ’, म्हणजे ओळखणे, याच्या ‘तुन्नेन’ म्हणजे ‘मी ओळखतो’ या रूपावरून ‘तुन्नेमातोन’ असे लिहिले आणि ‘लुकेआ’, म्हणजे वाचणे, याच्या ‘लुएन’वरून ‘लुएमातोन’ असे लिहिले. दोन्ही चुकले. बरोबर शब्द ‘तुन्तेमातोन’ आणि ‘लुकेमातोन’ असे आहेत, कारण नामाला ‘तोन’ लागताना षष्ठीतले, बहुधा मवाळ, रूप येते, तर क्रियापदाला ‘मातोन’ लागताना कठोर रूप जसेच्या तसे राहते. एका वाक्याचा हा नियम अभ्यासक्रमात कोठेही नाही. चाचणीने मला केवळ लाल फुली दाखवली, चुकीचे कारण सांगितले नाही, आणि पाच फुल्या झाल्यावर आठवडा पहिल्यापासून सुरू करायला लावले. आधीच्या आठ आठवड्यांनी जी सवय मुद्दाम लावली तिच्याचमुळे होणारी चूक रचणाऱ्यांना आगाऊ दिसू नये, याचे आश्चर्य वाटते.

‘लुकेमातोन’ या शब्दावर आणखी दोन ओळी खर्च करण्यासारखे आहे. ‘लुकु’ म्हणजे संख्याही आणि पुस्तकातले प्रकरणही. वाचणे आणि मोजणे या दोन्ही कल्पना त्या मुळाशी एकत्र नांदतात. त्यामुळे ‘लुकेमातोन’ म्हणजे न वाचलेले पत्र आणि त्याच वेळी ‘अगणित’ असाही अर्थ होतो. ईमेलच्या पेटीत हा शब्द रोज दिसत असल्याने दोन्ही अर्थ एकदमच खरे असल्याचा अनुभव येतो. अभ्यासक्रमात यातला पहिलाच अर्थ दिला आहे.

उच्चारांची ध्वनिमुद्रणे स्वच्छ आहेत, पण गरजेपेक्षा इतकी संथ आहेत की दीर्घ आणि ऱ्हस्व यांतला भेदच त्यांत विरघळतो. फिनिश भाषेत ‘तुलि’ म्हणजे आग, ‘तूलि’ म्हणजे वारा आणि ‘तुल्लि’ म्हणजे जकात. स्वर लांबला किंवा व्यंजन दुहेरी झाले की अर्थ बदलतो. प्रत्येक अक्षर ताणून म्हटले तर हा भेद कानाला पकडता येत नाही. नेहमीच्या वेगाने म्हटलेला एक उच्चार सोबत जोडला असता तर पुरेसे होते.

यापेक्षा गंभीर उणीव अशी, की 240 पैकी एकही विशेषण प्रथमेखेरीज दुसऱ्या रूपात दाखवलेले नाही. हे शब्द पुढे चालवताना त्यांचा चेहराच बदलतो : ‘त्युओत्योन’ची षष्ठी ‘त्युओत्त्योमॅन’ होते आणि त्यापासूनचे भाववाचक नाम ‘त्युओत्त्योम्यूस’, म्हणजे बेरोजगारी, असे होते, एका ‘त’चे दोन झाले आणि मागून ‘म’ उगवला. सरकारी कागदपत्रांत, बातम्यांत, बेरोजगारी निधीच्या ‘त्युओत्त्योम्यूस्कास्सा’ या नावात तो शब्द याच वेशात भेटतो. मी ‘त्युओत्योन’ पाठ करूनही एका अर्जावरचा मथळा मला लागला नाही तो यामुळेच.

‘एपॅ’ या उपसर्गाला अकराव्या आठवड्यात जेमतेम एक पान मिळाले आहे. ‘वार्मा’ म्हणजे खात्रीचा आणि ‘एपॅवार्मा’ म्हणजे अनिश्चित, ‘सेल्वॅ’ म्हणजे स्पष्ट आणि ‘एपॅसेल्वॅ’ म्हणजे अस्पष्ट, एवढे सांगून ते पान संपते. फिनिश भाषेत ‘नाही’ हे स्वतंत्र क्रियापद असून ते ‘एन, एत, एइ, एम्मे, एत्ते, एइवॅत’ असे पुरुषानुसार चालते आणि ‘एपॅ’ त्याच घराण्यातला आहे, हे सांगितले असते तर त्या पानाला अर्थ आला असता. ‘ओन्नेतोन’ म्हणजे दुःखी माणूस आणि ‘एपॅओन्नि’ म्हणजे दुर्दैव, हे दोन्ही ‘ओन्नि’पासून म्हणजे सुख-सुदैवापासून आले असले तरी एक विशेषण आहे आणि दुसरे नाम, हा भेदही सुटला आहे. उलट, ‘राहात्ता’ म्हणजे ‘पैशाविना’ असे रूप देणारी जी विभक्ती आहे ती त्यांनी गाळली ते योग्यच केले. बोलण्यात लोक ‘इल्मान राहाआ’ असेच म्हणतात आणि ती विभक्ती बहुतांशी ठरावीक शब्दप्रयोगांत उरली आहे.

उपयोग कितपत झाला, तर किराणा दुकानातल्या वेष्टनांवर तो सर्वांत आधी जाणवला. ‘सोकेरितोन’ म्हणजे बिनसाखरेचे, ‘ग्लुतेएनितोन’ म्हणजे ग्लुटेनविरहित, हे सोपे होते. पण ‘लाक्तोओसितोन’ आणि ‘माइदोतोन’ यांत फरक आहे हे मला मूळ शोधायच्या सवयीमुळे कळले : पहिल्यात दुधातली लॅक्टोज ही शर्करा नसते, तरीही ते दूधच असते, दुसऱ्यात ‘माइतो’ म्हणजे दूधच नसते. शेजारच्या खोक्यावर ‘वॅहॅलाक्तोओसिनेन’, म्हणजे कमी लॅक्टोजचे, असे लिहिलेले असते आणि घाईत तेही ‘नसलेले’ समजून उचलले जाते. सवय लागल्यावर मात्र ती आवरावी लागते; एका सकाळी रस्ता बंद असल्याच्या फलकावर ‘मारातोन’ वाचून मी ‘मारा’ म्हणजे काय आणि ते का नाही, याचा विचार करत उभा होतो, आणि तेवढ्यात समोरून मॅरेथॉनचे धावपटू आले.

ज्याला फिनिश भाषेची षष्ठी आणि वर्तमानकाळ येतो, म्हणजे ज्याने पहिले पाठ्यपुस्तक अर्ध्यापर्यंत तरी केले आहे, त्याला ही पद्धत मी निःसंकोच सुचवेन. अगदी नवशिक्याला ती सुचवणार नाही, कारण त्याला बदलणारे व्यंजन दिसेल पण ते का बदलले हे कळणार नाही. हा विशिष्ट अभ्यासक्रम मात्र 49 युरो देऊन घ्यावा असे आज म्हणता येत नाही. विनामूल्य आठवडा पाहावा, वहीत तीन रकाने आखावेत आणि पुढचे शब्द रोजच्या वाचनातून स्वतः गोळा करावेत.

माझ्या तक्रारीला 9 दिवसांनी उत्तर आले. मुळांची चूक त्यांनी मान्य केली आणि पुढच्या आवृत्तीत सगळी मुळे कोशातल्या रूपात देऊ असे कळवले. काल मी पत्ते पुन्हा उघडून पाहिले. ‘हाम्पाआतोन’च्या मागे आता ‘हाम्मास’ आहे. ‘विआतोन’च्या मागे अजून ‘विआ’च आहे.